तिसऱ्यालाच भैरवी

"एक माणूस जरी मधनं उठला," आप्पा म्हणाले, "तर सोमवारपासनं तू दुकानात."

त्यांचं डोकं तेव्हा पेटीत होतं. आप्पा हार्मोनियम दुरुस्त करतात, आणि आयुष्यातले सगळे महत्त्वाचे निर्णय त्यांनी पेटीचं झाकण उघडून, आत डोकं घालूनच दिलेले आहेत. ताईचं लग्न असंच ठरलं. स्थळाकडची माणसं बाहेर बाकावर बसली होती आणि आतून फक्त 'चालेल' एवढंच ऐकू आलं. पाहुण्यांना बराच वेळ वाटत होतं की पेटीच बोलली.

"आणि कोणीच नाही उठलं तर?" मी विचारलं.

"उठतील."

"पण नाही उठले तर?"

आप्पांनी डोकं बाहेर काढलं आणि एक पट्टी दाबली. सूर किंचित उतरलेला होता. तो माझ्यामुळेच उतरला असावा अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही उठले तर जा पुण्याला. वाजव काय वाजवायचं ते."

पुण्यातल्या एका बँडला गिटारवाला हवा होता. त्यांचा आधीचा गिटारवाला बँकेच्या परीक्षेत पास झाला होता. त्याच्या आधीचाही झाला होता. त्या बँडमध्ये गिटार वाजवणं ही स्पर्धा परीक्षेची उत्तम तयारी मानली जात असे. त्यांनी माझं वाजवणं फोनवर ऐकलं आणि विचारलं, "परीक्षा वगैरे देतोयस का?" मी बारावीचे गुण सांगितले. त्यांनी मला तिथल्या तिथे घेतलं.

अडचण आमच्या पाटीची होती. दुकानावर 'दिगंबर पांचाळ आणि चिरंजीव, पेटी तयार करणार व दुरुस्त करणार' असं लिहिलेलं आहे, आणि ही पाटी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. आधी पाटी झाली, मग ताई झाली, मग सगळ्यांनी पुन्हा पाटीकडे बघितलं आणि मग मी झालो. मी झालो तेव्हा रेडिओवर हमीर राग चालला होता म्हणून माझं नाव हमीर. थोडा उशीर केला असता तर बातम्या लागल्या असत्या.

तेव्हा मी पुण्याला जाणं म्हणजे आमच्या घरात निव्वळ पुण्याला जाणं नव्हतं. पाटीतला अर्धा मजकूर खोटा पडणार होता.

मिरजेबद्दलही थोडं सांगायला हवं. इथे गाणं कळत नाही असं म्हणणारा माणूस एकतर बदलीवर आलेला असतो किंवा विनय करत असतो. आमच्या गल्लीत कुकरची शिट्टी काळी दोनमध्ये आहे की पांढरी तीनमध्ये, यावरून दोन घरांत अबोला आहे. अशा गावातल्या स्वरसेवा मंडळाच्या बैठकीत, दत्तमंदिरामागच्या सभागृहात, रविवारी संध्याकाळी मला अर्धा तास गिटार वाजवायची होती. आप्पा मंडळाचे सभासद. वेळ त्यांनीच मिळवून दिली. माझ्या पायाखालची सतरंजी ओढायची तर आधी ती अंथरायला हवी, एवढा व्यवहार त्यांना कळतो.

मी धावत उजागरे सरांकडे गेलो.

शिमोन उजागरे सर मालगाडीवर गार्ड होते, मूळचे नगरचे, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये गिटार वाजवायचे. मिरजेत गिटार शिकवणारे ते एकटेच. शिकवणी त्यांच्या ड्यूटीप्रमाणे चालायची. कधी आठवडाभर नाही, आणि मग एकदम पहाटे घरी निरोप, की आत्ता ये, मला दुपारी बेळगावला कोळसा न्यायचाय.

"अर्धा तास," मी म्हणालो. "आणि एकही माणूस उठता कामा नये."

सर दाढी करत होते. अर्ध्या फेसातून त्यांनी विचार केला. "मग सातही मोड वाजव. एकामागून एक. प्रत्येकाची स्टाईल वेगळी. माणूस उठतो कशाने? कंटाळ्याने. दर चार मिनिटांनी देशच बदलला तर तो उठून जाईल कुठे?"

मोड म्हणजे काय हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सात सूर म्हणजे एकाच लाइनीवरची सात स्टेशनं. "रूळ तेच, स्टेशनं तीच. फक्त तू चढतोस कुठे ते बदलायचं. मिरजेला चढलास तर खिडकीत आधी मिरज दिसतं, कऱ्हाडला चढलास तर कऱ्हाड. जिथं चढलास ते तुझं घर. मग सगळ्या प्रवासाची चवच बदलते, बरं का."

अशी सात ठिकाणं, सात ग्रीक नावं आणि प्रत्येकाला सरांची एकेक सूचना. पहिला आयोनियन: "अमेरिकेतले गुराखी. सरळ माणसं आहेत, सरळ वाजव." दुसरा डोरियन: "जॅझ. काहीतरी दुखतंय पण औषध चालू आहे, असं तोंड करायचं." तिसरा फ्रिजियन: "स्पेन. स्पॅनिश माणूस आधी दुःख करतो आणि मग टाच आपटतो. क्रम चुकवू नको." चौथा लिडियन, सिनेमात विमान ढगातून जातं तेव्हाचा. पाचवा मिक्सोलिडियन म्हणजे ब्लूज आणि रॉक, त्याला शर्टाचं वरचं बटण उघडं लागतं. सहावा एओलियन. "प्रेमभंग. हे तुला शिकवायला नको."

"आणि सातवा?"

"लोक्रियन. त्याचा उपयोग काही नाही."

"मग शिकायचा कशाला?"

"मालगाडीच्या शेवटच्या डब्यात तरी काय माल असतो?" सर जरा दुखावून म्हणाले. "पण मी त्यातच बसतो की नाही?"

आता कोणी विचारेल, पेटीवाल्याच्या घरातला पोरगा, रागदारीत वाढलेला. ह्या सात मोडांतले निम्मे तर आपल्याच ओळखीचे आहेत हे याला कळलं कसं नाही? नाही कळलं. पेटीवर वाजवलं असतं तर झोपेत ओळखलं असतं. पण गिटारवर मी सूर शिकलोच नव्हतो, बोटांच्या जागा शिकलो होतो. पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर, दुसरं सहाव्यावर, करंगळी आठव्यावर, झाला फ्रिजियन. ज्या माणसाला आपण रोज लुंगीत बघतो तो एकदम टाय लावून भेटला तर ओळखू येत नाही, तसं माझं झालं होतं.

सराव मी दुकानामागच्या खोलीत करायचो. मध्ये प्लायवूडची भिंत. मी वाजवायला लागलो की पलीकडून आप्पा कानस घेऊन पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, घासायला सुरुवात करत. मी थांबलो की तेही थांबत. वर्षभर आमचं जे काही बोलणं झालं ते बहुतेक असंच.

रविवार उजाडेपर्यंत पैज गावभर झाली होती. सभागृह भरलं. लोक माझ्या बाजूचे होते, ही तर सगळ्यात मोठी भीती होती.

"पोरा, आम्ही हलत नाही," नरहरतात्या म्हैसाळकर म्हणाले. तात्या मंडळाचे अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे. पुढच्या ओळीत एकच खुर्ची असे, ती त्यांची. "तू वाट्टेल ते वाजव. कंटाळा आला तरी आम्ही बसून राहू. मिरजकर आहोत. सहन करायची सवय आहे."

"मी तर गुडघ्याला पट्टाच बांधून आलेय," भाजीवाल्या शेवंताकाकू म्हणाल्या. "उठू म्हटलं तरी उठता यायचं नाही."

आप्पा सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून बसले होते. हाताची घडी. नजर उठणाऱ्यांवर ठेवायला तीच जागा सोयीची.

उजागरे सरांनी माझा छोटा स्पीकर लावला आणि स्वतः त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. मी सगळ्यात जाड तार छेडली. तोच माझा सा. वाजवायला सुरुवात केली.

आयोनियन. अमेरिकेतले गुराखी मिरजेत शिरले. पहिल्याच मिनिटाला पुढच्या ओळीत कुजबुज झाली.

"बिलावल," तात्या म्हणाले.

"बिलावलच," काकूंनी दुजोरा दिला. "जरा उड्या मारतोय, पण बिलावल."

माझ्या कानांवर ते आलं. पण हात अमेरिकेत गुंतले होते. टाळ्या पडल्या. मग डोरियन. मी औषध चालू असल्यासारखं तोंड केलं.

"काफी," तात्या म्हणाले. "तोंड का असं केलंय? बरं नाही का त्याला?"

"परीक्षेचं टेन्शन असेल."

पुन्हा टाळ्या. कोणी जांभईसुद्धा दिली नव्हती. मी खांबाकडे पाहिलं. आप्पांच्या हाताची घडी तशीच होती, पण उजव्या हाताचं एक बोट दंडावर हलकेच पडत होतं. मला वाटलं, झालंच हे. पुण्याचं तिकीट काढावं का, असाही एक विचार येऊन गेला. अशा वेळी विचार येऊ नयेत.

तिसरा फ्रिजियन. स्पेन.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी दुःख करायचं ठरवलं. डोळे मिटले. एकेक सूर, सावकाश, वरून खाली. मध्ये जरा थांबून, पुन्हा खालचा तो कोमल सूर हलकेच लावून षड्जावर येऊन टेकायचं. सभागृहातून एक मोठा उसासा निघाला. मला भरून आलं. स्पॅनिश माणसाचं दुःख मिरजेला इतकं कळेल अशी कल्पना नव्हती. मी आणखी सावकाश केलं. आणखी उतरलो. कपड्यांची सळसळ झाली. लोक सरसावून बसत असणार. मग टाच आपटायची वेळ झाली तेव्हा मी डोळे उघडले.

समोर सतरंजी होती.

सतरंजीवर माणसं उभी होती. तात्या उभे राहून, काठी काखेत धरून, कपाळापर्यंत हात जोडत होते. शेवंताकाकू गुडघ्याचा पट्टा सोडून उठल्या होत्या. एकजण पलीकडच्याला विचारत होता की आज प्रसाद नाही का. दाराकडे रांग लागली होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर चांगलं जेवण झाल्यावर असतं तसं समाधान.

"छोटीच झाली मैफल," तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "पण शेवट फार सुरेख केलास हो. भैरवी अशीच हवी. थोडक्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार उशिरा पडला, आणि फार पडला.

भैरवी म्हणजे शेवट. मैफलीत भैरवी झाली की संपलं. भैरवीनंतर कोणी गात नाही, कोणी मागत नाही, कोणी थांबत नाही. आणि मिरजेत हे कोणी विचार करून पाळत नाही. शाळेची घंटा झाली की पाय आपोआप दाराकडे जातात तसं इथे भैरवीचं आहे. पैज त्यांना माहीत होती. बसून राहायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण ते त्यांनी डोक्याने ठरवलं होतं आणि भैरवी पायांना ऐकू गेली होती.

काय करावं कळेना, म्हणून मी टाच आपटली. त्याने रांग जरा भराभर सरकायला लागली.

"थांबू नको!" स्पीकरशेजारून सर ओरडले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या चर्चमध्ये आमेन म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही. "वाजवत राहा! गाडी मधल्या स्टेशनात थांबली की लोक उतरणारच!"

मी वाजवत राहिलो. कोणी वळून पाहिलं नाही. पहिला माणूस दारापर्यंत पोचला, त्याने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, आणि मला सोमवार दिसला. मंगळवार दिसला. पेटीत डोकं घालून 'चालेल' म्हणणारा मी म्हातारा दिसलो.

आणि तो पाय उंबऱ्यावरून परत आत आला.

दारात आप्पा उभे होते. दोन्ही हात चौकटीच्या दोन बाजूंना लावून, गोलरक्षकासारखे.

"बसा," आप्पा म्हणाले.

"अहो दिगंबर, झालं की," तात्या मागून म्हणाले.

"झालं नाही. बसा सगळे. सात आहेत. हे तिसरं चाललंय."

"भैरवी झाली!"

"भैरवी नाही ती!" आप्पा ओरडले. "फ्रिजियन आहे!"

माझा हात तारेवरच थांबला आणि स्पीकरची घुरघुर ऐकू यायला लागली. उजागरे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे पाहिलं. ज्या माणसाने वर्षभर माझ्या गिटारला 'ते' सोडून दुसरं नाव दिलं नव्हतं, तो माणूस 'फ्रिजियन' म्हणाला होता, आणि सरांपेक्षा स्वच्छ म्हणाला होता.

"अजून लिडियन राहिलंय," आप्पा छताला म्हणाले. "मग मिक्सोलिडियन. मग ते रडकं. आणि एक शेवटचं. बसा."

मला जे सुचलं ते मी केलं. चौथा मोड सुरू केला. विमान ढगात घातलं.

तीच चूक झाली. म्हणजे आधीची होतीच, ही तिच्यावर बसली.

"यमन!" तात्यांचा आवाज फाटला. ते काठी टेकत टेकत दारापासून थेट माझ्यापर्यंत परत आले, आणि सगळी रांग त्यांच्यामागे. "भैरवीनंतर यमन? अरे, उद्या बारसं झाल्यावर साखरपुडा करशील!"

"माझं आयुष्य गेलं," काकू म्हणाल्या, "पण असलं ऐकलं नाही."

"पोरगं लहान आहे, तात्या."

"लहान असलं म्हणून काय झालं! भैरवीनंतर राग नाही. कुठलाही राग नाही!"

सगळे माझ्याभोवती गोल करून उभे. एवढा श्रोता मला आयुष्यात पुन्हा कधी मिळाला नाही, आणि एवढा जवळ तर नकोच. मी विमान खाली उतरवलं. भैरवीनंतर राग नाही. ठीक. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज असणार, एओलियन म्हणजे आसावरी, हे आता मलाही कळायला लागलं होतं. पाचवा आणि सहावा गेला. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, जी राग असण्याची काही शक्यता नव्हती.

मी लोक्रियन वाजवला. हेवी मेटलच्या चालीवर, स्पीकरचा आवाज वाढवून, जाड तारेवर घण घातल्यासारखा. सा, कोमल रे, कोमल ग, म. मग पंचमाच्या जागी पंचम नाहीच, त्याच्या अलीकडचा तीव्र मध्यम. मग कोमल ध, कोमल नी. स्पीकरवरची धूळ उडाली.

वाजवून थांबलो. आता मारतील असं वाटलं.

तात्यांनी मान तिरकी केली. "पंचम कुठाय?"



"पंचम चुकला त्याचा," एकजण म्हणाला.

"चुकला नाही. दोनदा आला आणि दोन्ही वेळा नव्हता. परत वाजव रे."

मी परत वाजवला.

"मालकंस," काकू म्हणाल्या. "पंचम नाही, म्हणजे मालकंस."

"रिषभ ऐकू आला नाही का तुम्हाला? मालकंसात रिषभ कुठनं आणला?"

"मग ललत. दोन मध्यम आहेत बघा."

"ललताला गंधार शुद्ध लागतो हो!"

"गुजरी तोडी?"

"आणि तो निषाद? कोमल आहे तो. आणि शुद्ध मध्यम काय करतोय तिथं? पाहुणा आलाय?" तात्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे काठी दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरून, हनुवटी तिच्यावर टेकवून. "परत वाजव. सावकाश. तो आरडाओरडा नको."

मागचे लोकही बसले. दारातले बसले. उंबऱ्यावरून पाय मागे घेतलेला तो पहिला माणूसही मांडी घालून बसला. कारण मिरजेत भैरवी झाल्यावर थांबता येत नाही हे जितकं खरं, तितकंच रागाचं नाव लागल्याशिवाय घरी जाता येत नाही हेही खरं. गेलात तर झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेताना काकू विचारतात.

मी वाजवत राहिलो. ते भांडत राहिले. दोघांनी नवीन रागाला नाव सुचवलं आणि दोन्ही नावं त्यांच्या वडिलांची निघाली. कोणीतरी म्हणालं ही पंचम हरवलेली भैरवी आहे, त्यावर तात्या म्हणाले की पंचम हरवला असेल तर पोलिसात जा, इथे कशाला आलात. अर्धा तास केव्हाच उलटला होता. एकही माणूस हलला नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तात्या गेले. जायच्या आदल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो होतो, तर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हमीर, बिलासखानीचा काही संबंध असेल का रे?"

शेवटी पुजारी आले आणि आरतीसाठी सभागृहातली घंटा हवी आहे म्हणाले, तेव्हा बैठक उठली. उठण्यापूर्वी तात्यांनी अध्यक्ष या नात्याने निकाल दिला. भैरवीला उठणं हे मधनं उठणं नव्हे. ते शेवटी उठणंच, फक्त शेवट लवकर आला. सबब एकही श्रोता मधनं उठलेला नाही. पैज पोराने जिंकली. टाळ्या झाल्या. शेवंताकाकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. उजागरे सरांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, आणि मग हळूच विचारलं, "पण ते सगळे उठले कशाला होते?"

मी आप्पांना शोधत बाहेर आलो.

ते पायरीवर बसून चपला शोधत होते. भांडत भांडत चपला घालणारा माणूस पायाकडे बघत नाही, त्यामुळे मंडळाच्या सगळ्या चपला अदलाबदल होऊन गेल्या होत्या. आप्पांच्या वाट्याला एक त्यांचीच आली होती आणि एक बायकांची, पट्ट्यावर फूल असलेली.

"जिंकलो, आप्पा," मी म्हणालो.

"कोण?"

"मी. तात्यांनी सांगितलं ना. कोणी मधनं उठलं नाही."

"उठलं की." त्यांनी फुलाची चप्पल पायात घालून पाहिली. ती बसत होती. "मी उठलो."

"तुम्ही तर लोकांना अडवायला उठलात!"

"उठलो ना? बाकीच्यांना वाटलं संपलं. ते भैरवीला उठले. मला ठाऊक होतं संपलं नाही. तिसरंच चाललंय हे ठाऊक होतं, तरी उठलो. मग मधनं उठलेला माणूस कोण?"

मी हिशेब केला. त्यात कुठेच चूक सापडेना. त्या सबंध सभागृहात, मैफल चालू आहे हे माहीत असून जागेवरून उठलेला एकच माणूस होता, आणि तो माझा बाप होता.

"सोमवारपासनं दुकानात," आप्पा म्हणाले. "पैज म्हणजे पैज."

मी गिटारची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आतून आरतीची घंटा सुरू झाली. मग मी मघापासून जे विचारायचं होतं ते विचारलं.

"ती नावं तुम्हाला कशी आली?"

"मध्ये प्लायवूड आहे. भिंत नाही."

"पण तुम्ही कानस चालवायचात."

"पितळ काय रोज एवढं घासावं लागतं?" आप्पा म्हणाले. "सगळं ऐकतोय असं तुला वाटलं असतं तर तू नीट वाजवलं नसतंस. तुझं डोरियन अजून कच्चं आहे. गिऱ्हाइकांनापण मी तेच सांगतो."

ते उठले. एक पाऊल टाकलं, फुलाकडे बघितलं, दुसरं टाकलं. आम्ही गल्लीला लागलो. थोडं चालल्यावर ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"पैज हरून पोरगा पुण्याला पाठवला, असं गावाने म्हणायला नको. म्हणून जिंकायला लागलं. उद्या सोमवार. दुकानात बस. घाटग्यांच्या भजनी मंडळाची पेटी आलीय, तिचा भाता बघ."

"आणि परवा?"

"सोमवारपासनं, एवढंच बोललो होतो मी. कुठपर्यंत ते काय बोललो नव्हतो." ते खाकरले. "मंगळवारी सकाळची गाडी आहे पुण्याला. उजागऱ्याला विचार, त्याला वेळ माहीत असेल."

मी थांबलो. ते थांबले नाहीत. एक पाऊल टप्प असं आणि एक पाऊल चट्ट असं, आप्पा पुढे चालत राहिले. मी पळत जाऊन त्यांना गाठलं. आप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते आणि मध्येच अडत होते, जिथे पंचम यायला हवा होता तिथेच.

"ते शेवटचं," ते म्हणाले. "पुण्यात मोठे मोठे लोक आहेत. त्याचं नाव विचारून कळव मला."

"लोक्रियन, आप्पा."

"ते माहितीय रे," आप्पा वैतागून म्हणाले. "खरं नाव."